नवतप्यात काढून ठेवलेलं पान

दौलतराव शेंडे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार कन्हान, यांचं गेल्या उन्हाळ्यात नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतल्या, चौथ्या दिवशी दुपारी राहत्या घरी निधन झालं. माझ्या वडिलांना ते त्या दिवसापासून अकराव्या दिवशी संध्याकाळी कळलं. मधले दिवस ही बातमी माझ्याकडे होती.

यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कूलर खिडकीला लागला. जुनं गवत काढलं, नवीन भरलं, पंप तपासला. पहिल्यांदा पाणी सुटलं की ओल्या गवताचा वास घरभर पसरतो. दोन दिवस तो जाणवतो. तिसऱ्या दिवशी वास तेवढाच असतो, पण नाकानं त्याची नोंद घेणं सोडलेलं असतं. नागपूरच्या उन्हाळ्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच आहेत. तोंडाला ओढणी गुंडाळून गाडी चालवणाऱ्या बायका, चोच उघडी ठेवून बसलेले कावळे, दुपारी बंद ठेवलेले चौकातले सिग्नल, खिशातला कांदा. बाहेरून आलेला माणूस हे सगळं बघतो. इथला बघत नाही.

कूलरच्या आवाजाची मात्र सवय होत नाही. त्याच्यावरून बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. त्यामुळे एप्रिल ते जून आमच्या घरात सगळेच थोडे रागावल्यासारखे बोलतात. टीव्ही होता तोवर टीव्हीही तसाच बोलत असे.

मी बावीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर आहे. डेस्कचं काम बातमी मिळवण्याचं नाही, कमी करण्याचं आहे. आलेल्या मजकुरातला बहुतेक मजकूर छापला जात नाही. कुणीतरी तो वाचून बाजूला ठेवतं. पूर्वी हा ढीग टेबलावर असे आणि पाळी संपली की टेबलावरच राही. फोन आले तसा तो घरी येऊ लागला. वार्ताहरांचा गट, पोलिसांचा, महापालिकेचा, हवामानाचा, कॉलनीचा, शाळेतल्या मैत्रिणींचा. एकच अपघात पाच गटांत पाच वेळा व्हायचा आणि मृतांचा आकडा प्रत्येक गटात वेगळा असायचा. दात घासताना, बँकेच्या रांगेत, भाजी चिरताना मी आकडे जुळवत असे. एका सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ तळाला लागली. तेव्हा मी दुसऱ्या राज्यात उलटलेल्या बसचे फोटो बघत होते.

त्या दिवशी नियम केले. सगळ्या सूचना बंद. चार गट ठेवून बाकीचे सोडले. कामाचे तास वगळता सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. मधल्या वेळात फोन स्वयंपाकघरात, डब्यांच्या मागे. पंधरा दिवसांत झोप सुधारली. महिन्याभरात लक्षात आलं की आपल्याकडून निसटेल असं जे वाटत होतं, त्यातलं काहीच निसटलेलं नव्हतं. हा उपाय कामाचा आहे. कुणी विचारलं तर आजही हाच सांगते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी तो वडिलांना लावला.

वडील निवृत्त वाहतूक नियंत्रक. तीस वर्षं बस स्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी माइकवरून गाड्या सांगितल्या. कोणती लागली, कोणती सुटली, कोणती रद्द. रद्दची घोषणा ते नेहमी दोनदा करत. "रद्द झाली असन तं लगेच सांगून टाकाव," असं त्यांचं मत होतं. "मानूस तिकडं उन्हात उभा राहते. त्याले काय माहीत." निवृत्तीनंतर चार वर्षांनी आई गेली आणि घरात टीव्ही राहिला. सकाळी सहाला सुरू व्हायचा. समोर टीव्ही, हातात फोन. युद्ध, मुलं पळवणारी टोळी, किडनी साफ करणारा रस, धरणाला गेलेला तडा. जे येईल ते ते पुढे पाठवत. बातमी आपल्याजवळ अडवून ठेवणं त्यांना कामचुकारपणा वाटे. छातीत दुखायला लागलं तेव्हाही टीव्ही सुरू होता. दवाखान्यातून सुटी देताना डॉक्टर म्हणाले, "अंकल का नमक कम करो. और न्यूज भी."

दोन्ही कमी केलं. केबल काढली. फोनमधून बातम्यांचे आणि व्हिडिओंचे ॲप काढले. वडील आंघोळीला गेले असताना, त्यांच्या वतीनं, मी सगळ्या गटांतून बाहेर पडले. एकच चॅट ठेवलं, दौलतकाकांचं. सकाळी चहाबरोबर दहा मिनिटं मी त्यांना निवडक बातम्या वाचून दाखवायची असं ठरलं. रोज पाच. धरणातला साठा, पुलाचं काम, रामटेककडे धानाची तयारी, कालचं तापमान, एखादी गमतीची. मृत्यू नाही, आजार नाही, पोलीस नाही.

वर्तमानपत्र मात्र बंद करता येत नव्हतं. मुलगी ज्या पेपरात आहे तो पेपर घरी न येणं, याला कारण देता आलं नसतं. निधनवार्ता चौथ्या पानावर असतात. बारा पानांच्या अंकात तिसरं, चौथं, नववं आणि दहावं पान एकाच कागदावर छापलेलं असतं. चौथं काढलं की चारही जातात. वडील उठायच्या आधी मी तो कागद काढून घेत असे. त्याबरोबर शहराच्या बातम्या, बाजारभाव आणि क्रिकेटही जात असे.

"तुमचा पेपर बारीक होऊन राहिला वं," एक दिवस ते म्हणाले.

"कागदाची टंचाई हाय बाबा."

"तं मॅचचंच पान काहून कमी पडते? पहिल्या पानावरचे हे थोबाडं कमी करा म्हणा."

"सांगते."

"दोनानंतर पाचच येते. मदातले आकडे कोणी खाल्ले?" ते हसले. "नियंत्रकाले शिकवून राहिले. असा चार्ट मी लावला असता तं घरी पाठवलं असतं मले."

त्यांना काहीतरी कळलं आहे असं त्या वेळी वाटलं होतं. पण मुलगी सांगते आहे म्हणून त्यांनी ते तिथेच सोडलं. ते हट्टानं विचारणाऱ्यांपैकी नव्हते.

उपायाचा फायदा झाला, हे नोंदवायला हवं. रक्तदाब उतरला. ते दुपारी झोपू लागले. गच्चीवर कुंड्यांना पाणी घालू लागले. जेवताना आईबद्दल बोलू लागले. टीव्ही असताना ते कधी बोलले नव्हते.

दौलतकाका बसचालक होते. त्याच स्थानकावरचे, पंचेचाळीस वर्षांची ओळख. कन्हानहून रोज संध्याकाळी पाचला त्यांचा फोन येत असे. सकाळीही दोघांच्या व्हॉइस नोट सुरू असायच्या, पण पाचचा फोन कामाचा. दोघेही समोर चौथं पान घेऊन बसत आणि नावं वाचत. वाहक, चालक, मेकॅनिक, कॅन्टीनवाला. ओळखीचं नाव निघालं की दोघांनी अंत्ययात्रेला जायचं. ते जमलं नाही तर पुण्यानुमोदनाला, म्हणजे नंतरच्या श्रद्धांजलीच्या विधीला. त्यात खाडा नव्हता. स्थानकावरच्या जुन्या लोकांची ही रीतच होती, आणि काकांनी तिला हजेरी असं नाव दिलं होतं.

मार्चमध्ये मी काकांना फोन करून सांगितलं की बाबांना गेलेल्यांची नावं सांगू नका.

"मी कुठं बातम्या देऊन राहिलो वं बाई," ते म्हणाले. "मी हजेरी घेऊन राहिलो. गैरहजर कोण हाय ते तं बोला लागते नं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय काका."

"मंग आमी बोलाव काय? तूच लिहून दे. ऊन किती झालं, भेंडी कशी झाली, असं?"

"हो. तसंच."

"बरं. मोठ्या पेपरातली हायेस. आमी आयकतो."

त्यांनी शब्द पाळला. एप्रिलमध्ये ओळखीची दोन नावं निघाली. काका दोन्ही ठिकाणी एकटे गेले. पाचच्या फोनवर दोघे उन्हाबद्दल बोलत राहिले.

नवतप्याचे नऊ दिवस डेस्कवर सोपे असतात. पहिल्या पानावर तापमान, चौकटीत काळजी काय घ्यावी, आतल्या पानावर उन्हानं झालेले मृत्यू. हे मृत्यू सरकारी दुजोरा येईपर्यंत 'संशयित' असतात आणि दुजोरा सहसा येत नाही. चौथ्या दिवशी चारला दहा मिनिटं कमी असताना माझ्या टेबलावरचा फोन वाजला. दौलतकाकांचा मुलगा मिलिंद होता.

"ताई, बाबा गेले. जेवले, पडले, उठलेच नाही. दुपारभर लाइन नव्हती, कूलर बंद होता." मग तो म्हणाला, "उद्या सकाळी सातलेच नेऊन राहिलो, उन्हाच्या आधी. काकाले सांगजो. त्याईले घेऊन ये."

मी हो म्हटलं. निधनवार्ता मीच लिहिली. चार ओळी झाल्या. 'मनमिळाऊ' हा शब्द मिलिंदनं सांगितला होता, तो काढला, कारण तो सगळ्यांनाच लागतो. कारणाच्या जागी काही लिहिलं नाही. दाखल्यावर पुढे हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद झाली. घरचे ऊन म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तो कागद अंकातून काढला. सात वाजता वडील गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. सव्वासातला मी त्यांना धरणांचा साठा वाचून दाखवला.

छापण्यासारखी असूनही आज न छापायची बातमी डेस्कवर होल्डवर ठेवतात. होल्डचा निर्णय पहिल्या दिवशी घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी काही घ्यावं लागत नाही. बातमी होल्डवर असतेच. ऊन उतरलं की सांगायचं, असं मी ठरवलं होतं. नवतपा संपला. मग डॉक्टरांची तपासणी होती. ती झाल्यावर सांगायचं ठरवलं. तपासणीचा निकाल चांगला आला आणि तो बिघडवण्याची घाई करण्याचं कारण दिसेना. वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी एकांनी फोन केला, तो मी घेतला आणि त्यांना गप्प राहायला सांगितलं. ते म्हणाले, "तुमी सुशिक्षित लोक. तुमाले जास्त कळते."

पाचचा फोन आला नाही, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी वडिलांनी काकांना लावला. बंद होता. घरच्यांनी तो बंद करून कपाटात ठेवला होता. वडिलांनी व्हॉइस नोट पाठवली. मी त्यांना सांगितलं की काका लेकीकडे बालाघाटला गेले, गावात रेंज नाही.

"कोणं सांगतलं?"

"मिलिंदचा फोन होता ऑफिसात."

"तू म्हणते तं खरं असन," ते म्हणाले. "पण मले नाही सांगतलं त्यानं."

त्यानंतर रोज पाचला ते एक व्हॉइस नोट पाठवत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेले की मी ती ऐकत असे. फोन तपासणं हा नियमांचा भाग होता. प्रत्येक नोटपुढे एकच करडी खूण दिसे. म्हणजे पाठवली आहे, पोचलेली नाही. दौलतकाकांचा फोन बंद असेपर्यंत ती पोचणार नव्हती, म्हणून मी त्यात हात घातला नाही. कुणाला न पोचणारा मजकूर निरुपद्रवी असतो, असा माझा अंदाज होता.

पहिली अशी: काय गा, फोन काहून बंद केला, पाणी पेत जा, दुपारचा भायेर नको निंघू. दुसरीत बालाघाटच्या आंब्यांची चौकशी होती. तिसरीत थट्टा, जावयाच्या घरी किती दिवस खाटेवर बसून खाशील. पाचवीपासून थट्टा कमी झाली. सहावीत त्यांनी विचारलं की माझं काही चुकलं काय. सातवी सगळ्यात छोटी, फक्त "दौलत." आठवीत राग आला. नववीत, जे त्यांनी मला किंवा आईलाही कधी सांगितलं नव्हतं, ते आलं. फार वर्षांपूर्वी एका चुकीच्या घोषणेवरून वडिलांची चौकशी झाली होती. त्यात दौलतकाका साक्षीदार होते आणि त्यांनी काही ऐकलं नाही असं सांगितलं होतं. वडिलांची बढती दोन वर्षं अडली. "तवाही तू तोंड नाही उघडलं," वडील त्या नोटमध्ये म्हणाले. "आताही नाही उघडून राहिला. तू असाच हायेस गा. भेकड. पयलेपासून." दहावीत त्यांनी दिलेल्या शिव्या मी घरात पूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या.

त्या दिवशी मी रक्तदाबाच्या वहीत एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी अशी नोंद केली.

अकराव्या दिवशी माझी सुटी होती. पाच वाजता वडील खिडकीजवळ फोन तोंडासमोर धरून बोलत होते. कूलरमुळे स्वयंपाकघरात शब्द कळले नाहीत. साडेपाचला फोन वाजला. पुण्यानुमोदनासाठी लोकांचे नंबर हवे होते म्हणून मिलिंदनं कपाटातला फोन सुरू केला होता. वडिलांच्या फोनवर नाव आलं: दौलत.

त्यांनी मला बोलावलं. "पाह्य, पाह्य. आला ठिकाणावर." मग फोन उचलला आणि चढ्या आवाजात, पण हसत म्हणाले, "झाली काय गा आठवण?"

पलीकडून मिलिंद बोलत होता. मग उठून त्यांनी कूलर बंद केला. "कवा?" त्यांनी विचारलं. नंतर, "कोनाले सांगतलं?" उत्तर ऐकून त्यांनी फोन खाली ठेवला.

"तुले त्याच दिवशी माहीत होतं?"

"हो."

"पेपरात आलं?"

"आलं होतं. चौथ्या पानावर."

"कोणं लिवलं?"

"मी."

"आन," ते म्हणाले. "वाचून दाखव."

काढलेले कागद माझ्या खोलीत तारखेप्रमाणे लावलेले होते. मी तो आणून चार ओळी वाचल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकल्या. "वय चुकलं," ते म्हणाले. "तू सत्त्याहत्तर लिवलं. अठ्ठ्याहत्तर होता तो." मग ते आत गेले. मी तो कागद पुन्हा तारखेच्या जागी ठेवला.

पुण्यानुमोदनाला ते कन्हानला गेले. पांढरा सदरा, पांढरी टोपी. वंदना होईपर्यंत मागच्या रांगेत बसले. नंतर शांताकाकूंनी, म्हणजे दौलतकाकांच्या पत्नीनं, त्यांना आतल्या खोलीत बोलावलं. मिलिंद होता, मी होते. काकूंच्या हातात तो फोन होता.

"आयकलं मी सारं, भाऊ," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मले माहीत नव्हतं."

"माहीत हाय मले, तुमाले माहीत नव्हतं ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पण ते चौकशीचं तं तुमच्या पोटात होतंच नं. पंचेचाळीस वर्स ह्या घरात जेवून गेले. मानूस गेल्यावर निंघालं."

वडील खाली बघत होते. "मिटवून टाका ते," ते म्हणाले.

मिलिंद म्हणाला, "एकेक काढता येते आई. बाबाचे राहतीन, काकाचे तेवढे जातीन. दे इकडं."

"नोको." काकूंनी फोन पदराखाली घेतला. "ह्याईच्या नावानं आलं हाय. ज्याच्या नावानं आलं त्याचं असते. आपून कोन काढनार?"

बाहेर पंगत बसत होती. मिलिंदनं वडिलांना जेवून जायला सांगितलं. ते जेवले.

त्यानंतर घरात सकाळच्या बातम्या बंद झाल्या. पहिल्या दिवशी मी कागद घेऊन बसले. त्यांनी चहाचा कप उचलला आणि ते गच्चीवर गेले. केबल पुन्हा लावून घेऊ का असं विचारलं तेव्हा नको म्हणाले. ते सकाळी सहाला चौकात जातात, स्टॉलवर उभं राहून पेपर वाचतात आणि हात धुऊन परत येतात. कोण गेलं ते घरी सांगत नाहीत. पेपर घरीही येतो, आता बाराच्या बारा पानं. त्याची घडी मोडलेली नसते. औषधं वेळेवर घेतात. डॉक्टरांनी या फेब्रुवारीत प्रकृती उत्तम असल्याचं सांगितलं.

माझे नियम सुरू आहेत. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं.

गेल्या आठवड्यात, कूलरमध्ये गवत भरून झालं त्या दिवशी, मिलिंदचा फोन आला. मेअखेरच्या वर्षदिनाची वार्ता त्याला चौथ्या पानासाठी आतापासूनच सांगून ठेवायची होती. मी ती लिहून घेतली आणि वय पुन्हा एकदा विचारून खात्री केली. मग काकू कशा आहेत असं विचारलं. त्यानं सांगितलं की आई रोज पाच वाजता तो फोन घेऊन बसते आणि त्याच्या बाबांच्या, दौलतकाकांच्या, व्हॉइस नोट लावते. एक संपली की पुढची आपोआप सुरू होते. त्या संपल्या की माझ्या वडिलांच्या लागतात, त्या अकराही. त्यानं तिला थांबवायचं बटण दाखवलं आहे. ती ते दाबत नाही.

अकरावी मी ऐकलेली नव्हती. पाच वाजून गेले होते आणि काकूंच्या हातातला तो फोन शेजारीच सुरू होता. मिलिंदनं आपला फोन त्याच्याजवळ नेला. ती नोट एकोणीस सेकंदांची आहे. वडिलांचा आवाज चढलेला आहे, मागे कूलर ऐकू येतो. ते म्हणतात: "मेला असता तं पेपरात आलं असतं गा. माही पोरगी पेपरात हाय. तिनं सांगतलं असतं मले. म्हणजे जिता हायेस तू, आन मुद्दाम करून राहिला."

त्यापुढे चॅटमध्ये काही नाही.